शांतिसेनेतून परत आलेल्या अण्णांशी कसं बोलावं?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात पुन्हा मांडतो. तुमचे वडील पायदळातून हवालदार म्हणून पेन्शन आले. 1987 ते 1989 त्यांची पलटण श्रीलंकेत होती, पण तिथलं ते घरात कधी बोलले नाहीत. मागच्या दिवाळीत, पहिल्या आंघोळीच्या पहाटे, तुमच्या धाकट्या भावाने मोबाईलवर काहीतरी पाहून सगळ्यांसमोर विचारलं, "अण्णा, तुमच्या सैन्याने तिथे हॉस्पिटलात माणसं मारली म्हणे, खरं का?" अण्णा पाटावरून उठले, अंगाला उटणं तसंच, आणि रानात निघून गेले. तेव्हापासून झोप नाही, जेवायला सगळ्यांबरोबर बसत नाहीत, रात्री काठी घेऊन घराभोवती फेऱ्या मारतात. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. ते युद्ध चूक होतं की बरोबर? इतक्या वर्षांनी त्याचा त्रास कसा काय होऊ शकतो? आणि खरं नुकसान तर तिथल्या लोकांचं झालं, मग आपण अण्णांचं दुःख कुरवाळत बसणं योग्य आहे का?

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. सुरुवातीची काही वर्षं लष्करी रुग्णालयात काढली, मग सातारा जिल्ह्यात दवाखाना टाकला. मी स्वतः लंकेत नव्हतो. मी वर्दी घातली तेव्हा शेवटची तुकडी परत येऊन गेली होती. पण त्या पलटणींमधली माणसं मला आधी वॉर्डात आणि पुढे दवाखान्याच्या बाकावर भेटत राहिली, अजून भेटतात. अण्णांना न पाहता मी निदान करणार नाही. खाली जे पेशंट येतील त्यांचे तपशील ओळख पटू नये इतके बदलले आहेत.

सगळ्यात आधी एक रुक्ष गोष्ट. साठीच्या माणसाची झोप उडाली की दर वेळी मनच दोषी नसतं. प्रोस्टेट वाढली असेल तर रात्री चार वेळा उठावं लागतं आणि एकदा उठलेला फौजी परत आडवा होत नाही. साखर, थायरॉइड, रक्तदाबाच्या गोळ्या, सगळं बघून घ्या. कानांची तपासणी जरूर करा. आयुष्यभर गोळीबाराजवळ राहिलेल्यांचे कान गेलेले असतात, आणि 'अण्णा गप्प गप्प असतात' असं घरच्यांना वाटतं तेव्हा निम्म्या वेळा त्यांना ऐकूच आलेलं नसतं. नावं विसरणं, रस्ता चुकणं असं काही असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण स्मरणशक्ती ढासळायला लागली की जुन्या आठवणींवरचं झाकण आधी निघतं. हे सगळं तपासून झाल्यावर जे उरेल त्याबद्दल पुढे लिहितो. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून बरंच उरेल असं वाटतं.

आता त्या युद्धाकडे येऊ, कारण ते काय होतं हे कळल्याशिवाय अण्णांचं गप्प बसणं कळणार नाही. 29 जुलै 1987 ला कोलंबोत पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या आणि लगेच आपलं सैन्य जाफनात, म्हणजे श्रीलंकेच्या उत्तरेकडच्या तमिळ भागात, उतरायला लागलं. काम काय, तर तमिळ संघटनांची शस्त्रं जमा करून घ्यायची, श्रीलंकेचं सैन्य बराकीत परत जातंय ना ते बघायचं. लोकांनी जवानांना हार घातले. त्यांच्या दृष्टीने हे आपले, वाचवायला आलेले. जवानांनाही तेच सांगितलं होतं. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, 10 ऑक्टोबरला, 'ऑपरेशन पवन' सुरू झालं आणि ज्यांना वाचवायला गेलो त्यांच्याच वस्त्यांमध्ये लढाई पेटली. समोर एलटीटीई, वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणारी सशस्त्र संघटना. तिच्यातल्या कितीतरी जणांना काही वर्षं आधी आपल्याच देशात प्रशिक्षण दिलेलं. 11 ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर शीख लाइट इन्फंट्रीचे 30 जवान हेलिकॉप्टरने उतरले. 29 मारले गेले, एक पकडला गेला. नकाशे जुने, माहिती तोकडी, आणि शत्रू लुंगी नेसून सायकलवर. जाफनात सगळेच सायकलवर असायचे, हा जवानांच्या बोलण्यात हमखास येणारा मुद्दा. शाळेतलं पोरगं सायकलवर, मास्तर सायकलवर, आणि वॉकीटॉकी घेऊन तुमची हालचाल कळवणाराही सायकलवर.

पुढे तर विचित्र वळण आलं. 1989 मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा भारताला 'परत जा' म्हणू लागले आणि आपल्या सैन्याला घालवण्यासाठी त्यांच्या सरकारने एलटीटीईलाच शस्त्रं पुरवली. म्हणजे जवान ज्या सरकारशी करार करून गेला ते त्याच्या विरोधात, ज्या लोकांसाठी गेला ते विरोधात, आणि मायदेशात 'आपण तिथे कशाला गेलोय' असं विचारणारे वाढत चाललेले. अकराशेहून जास्त जवान तिथे मारले गेले, तीन हजारांच्या आसपास जखमी झाले. 24 मार्च 1990 ला शेवटची तुकडी निघाली. मद्रासला स्वागत ठेवलं होतं, तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी त्याला गेले नाहीत. माझ्या एका पेशंटने त्या परतीचं वर्णन केलं ते असं: "साहेब, बंदरावर उतरलो, चहा मिळाला, बिस्किटाचा पुडा मिळाला, आणि ट्रेनमध्ये बसवलं." बस, एवढंच. पुढच्या वर्षी, मे 1991 मध्ये, श्रीपेरुंबुदूरला एलटीटीईने राजीव गांधींची हत्या केली आणि त्यानंतर लंका हा विषयच कुणाला नको होता.

याची तुलना कारगिलशी करून बघा. 1999 ला युद्ध टीव्हीवर दिसलं, पार्थिव तिरंग्यात गावी आलं, सगळा तालुका अंत्ययात्रेला लोटला. लंकेच्या वेळी तशी रीत पडली नव्हती. बहुतेकांचे अंत्यसंस्कार तिकडेच झाले. ऑपरेशन पवनमधलं एकमेव परमवीर चक्र महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीतल्या, मुंबईत शिकलेल्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचं, मरणोत्तर, 25 नोव्हेंबर 1987. कारगिलचे परमवीर पोरांना पाठ असतात. हे नाव तुमच्या भावाला विचारून पाहा. या मोहिमेतल्या मृतांचं स्मारक आधी श्रीलंकेने कोलंबोजवळ बांधलं. आपल्याकडे दिल्लीत राष्ट्रीय समर स्मारक 2019 ला झालं तेव्हा त्या भिंतींवर ही नावं आली.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, औषधाचा भाग म्हणून सांगतोय. लढाईतून आलेल्या माणसाला आपल्या अनुभवाला कुठेतरी ठेवायला जागा लागते. गाव ती जागा देतं. 'आपला अमुक युद्धावर जाऊन आला' असं पारावर म्हटलं जातं, पोरं गोष्ट ऐकतात, सांगून सांगून त्या गोष्टीच्या कडा बोथट होतात. लंकेच्या जवानाला ती जागाच मिळाली नाही. गावात तो सांगायला लागला तर पहिला प्रश्न, "कुठलं युद्ध? लंकेत? तिथे आपलं काय काम होतं?" उत्तर त्याच्याकडेही नव्हतं. मग त्याने ते ट्रंकेत घातलं. वर्दीखाली, डांबरगोळ्यांसकट.

आता जखमेबद्दल. लढाईच्या दोन जखमा मी वेगळ्या धरतो. एक भीतीची. फटाक्याला दचकणं, दाराकडे पाठ करून न बसणं, रस्त्यावर पडलेला डबा बघून पाय थबकणं. लंकेतून आलेल्यांमध्ये ही भरपूर, कारण तिथे सुरुंगांनी फार पाय घेतले. पुण्यात वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात त्या काळी तरण्या पोरांची रांग होती. या जखमेला पीटीएसडी हे नाव 1980 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत आलं, तेही व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी लावून धरल्यावर. तेही असंच एक वादग्रस्त युद्ध. आपल्या जवानांना 1990 मध्ये हे नाव क्वचितच कुणी सांगितलं. 'डोकं गरम होतं', 'गॅस होतो', 'छातीत धडधडतं' अशा तक्रारी घेऊन ते यायचे आणि बी-कॉम्प्लेक्स घेऊन जायचे.

दुसऱ्या जखमेला हल्ली मॉरल इंज्युरी म्हणतात. मला आपला 'सल' हा शब्द जास्त बरोबर वाटतो. काटा निघाला तरी सल राहतो. आपण काहीतरी केलं, किंवा आपल्या डोळ्यांदेखत झालं आणि आपण थांबवलं नाही, किंवा ज्यांच्यावर विश्वास टाकला त्यांनी आपल्याला भलत्याच ठिकाणी नेऊन सोडलं, यातून येणारा तो त्रास. भीतीची जखम असलेला माणूस आवाजाला दचकतो. सल असलेला माणूस सुखाला दचकतो. त्याला पंगतीत बसवत नाही, नातवंडाला उचलून घेववत नाही, कुणी कौतुक केलं की तिथून उठून जावंसं वाटतं.

तुमच्या पत्रात म्हणूनच मी एका वाक्यावर थांबलो. फटाके तर पहाटेपासून वाजत असतील. अण्णा फटाक्यांना उठले नाहीत, भावाच्या प्रश्नाला उठले.

नायक हुद्द्यावरून निवृत्त झालेले एक फौजी माझ्याकडे येत असत, वाई भागातले. बँकेबाहेर बंदूक घेऊन बसायची नोकरी संपली आणि सहा महिन्यांत झोप गेली. बायकोची तक्रार वेगळीच होती: हे उन्हाळ्यात ताडगोळेवाला दिसला की रस्ता बदलतात. मला वाटलं, पोटाचं काही असेल. जाफनात जिकडेतिकडे ताड. घरांची कुंपणंसुद्धा ताडाच्या झावळ्यांची, पलीकडचं काही दिसत नाही, फक्त सळसळ ऐकू येते. ती गोष्ट त्यांनी अकराव्या भेटीत सांगितली, टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत. गस्त चालली होती. आदल्या दिवशी त्याच गल्लीत त्यांच्या सेक्शनचे दोघे मारले गेले होते. कुंपणामागे काहीतरी हललं, यांनी फायर केला. आत जाऊन बघतात तर एक म्हातारा, विहिरीवरून पाणी आणत होता. "बादली आडवी झाली होती साहेब. माणूस लगेच गेला. पाणी बराच वेळ वाहत होतं." म्हाताऱ्याचा चेहरा त्यांना आठवत नाही. बादली ॲल्युमिनियमची होती, कडीला चिंधी बांधलेली होती, हे आठवतं.

मी त्यांना काय सांगायचं? 'तुमची चूक नव्हती' असं म्हणणं सोपं होतं, नवशिका असताना मी असं म्हणतही असे. त्याने काही होत नाही. समोरचा माणूस मनात म्हणतो, याला कळलंच नाही. त्यांना आधी एवढंच हवं असतं की कुणीतरी ही गोष्ट शेवटपर्यंत ऐकावी, मध्ये समर्थन करू नये आणि नंतर तोंडही फिरवू नये. मग पुढच्या काही महिन्यांत आम्ही त्या गल्लीत पुन्हा पुन्हा गेलो. आदल्या दिवशीचे दोघे, हुकूम काय होता, उजेड किती होता, त्यांच्या हातात काय होतं आणि काय नव्हतं. हे वेगवेगळं मांडता आलं की सगळा डोंगर एकट्याच्या छातीवर राहत नाही. पण त्यातला एक दगड त्यांचाच होता आणि तो तसा ठेवावा लागला. आता ते दर चैत्रात गावच्या फाट्यावर स्वखर्चाने पाणपोई चालवतात. का, ते गावात कुणाला माहीत नाही. झोप बरी आहे. स्वप्न अजून येतं.

तीस वर्षांत मला एक गोष्ट लक्षात आली आणि ती तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला धरून आहे. या माणसांच्या स्वप्नात बंदूकधारी शत्रू क्वचित येतो. येतं ते कुणाचं तरी घर. चुलीवर उतू गेलेलं दूध, हात जोडून उभी म्हातारी, दप्तर. म्हणजे तुम्ही 'जवानांचं दुःख की तिथल्या लोकांचं दुःख' असं जे तराजूत घालताय, ते जवानाच्या डोक्यात मुळात वेगळं नाहीच. त्याच्या दुखण्याच्या मध्यभागी तिथला एखादा माणूसच बसलेला असतो.

आता त्या लोकांबद्दल, कारण भावाने विचारलेलं खोटं नाही. 21 ऑक्टोबर 1987 ला आपलं सैन्य जाफनाच्या सरकारी रुग्णालयात शिरलं. एलटीटीईचे लोक तिथून गोळीबार करत होते असं आपल्या बाजूने सांगितलं गेलं. जे वाचले ते सांगतात की वॉर्डांमध्ये, ऑफिसात, एकमेकांना चिकटून पडलेल्या रुग्णांवर आणि कर्मचाऱ्यांवर रात्रभर गोळ्या झाडल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवपादसुंदरम परिचारिकांना घेऊन, हात वर करून, 'आम्ही डॉक्टर आहोत' असं ओरडत पुढे आले, त्यांनाही गोळी लागली. साठ ते सत्तरच्या आसपास माणसं गेली. तो दिवस तमिळ दीपावलीचा होता, म्हणजे आपली नरक चतुर्दशी. ताई, मी असं अजिबात सुचवत नाहीये की अण्णा तिथे होते. हजारो जवान तिथे होते आणि बहुतेकांचा त्या इमारतीशी काही संबंध आला नाही. पण ती बातमी प्रत्येक पलटणीत पोचली होती, आणि तिथली दिवाळी म्हणजे काय हे त्यांना माहीत आहे. भावाने प्रश्न कुठल्या सकाळी विचारला ते आता पुन्हा बघा.

ऑगस्ट 1989 मध्ये वल्वेट्टीतुराई गावात असंच झालं. बाजारात जवानांवर हल्ला, सहा जवान ठार, आणि नंतर सैन्याच्या गोळीबारात साठच्या आसपास गावकरी. तिकडचे लोक आयपीकेएफ (इंडियन पीस कीपिंग फोर्स, म्हणजे आपली शांतिसेना) या आद्याक्षरांचा 'इनोसंट पीपल किलिंग फोर्स' असा अर्थ लावू लागले. ज्यांनी हार घातले होते तेच लोक.

पण नागरिकांचे हाल म्हणजे फक्त आपल्या बंदुका, असंही नव्हतं, आणि इथे यूट्यूबवाले निम्मं सांगून थांबतात. लढाई पेटली तेव्हा हजारो कुटुंबं नल्लूरच्या कंदस्वामी मंदिराच्या आवारात आणि शाळांमध्ये जाऊन बसली. एलटीटीई वस्तीतूनच फायर करायची, आणि प्रत्युत्तर वस्तीवर यायचं. भारतीय जवानाला पाणी दिलं तर एलटीटीई 'गद्दार' म्हणून दिव्याच्या खांबाला बांधून मारणार, नाही दिलं तर सैन्याला संशय. पुढे आपल्या पाठिंब्याने उभ्या राहिलेल्या तमिळ दलात कोवळी पोरं घरातून, रस्त्यावरून उचलून भरती केली गेली. आपण निघून आलो आणि एलटीटीईने त्यांच्यातल्या कित्येकांना मारलं. आपली माघार झाली तिथे त्यांचं युद्ध संपलं नाही, ते मे 2009 पर्यंत चाललं. बेपत्ता मुलांचे फोटो घेऊन किलिनोच्चीत आया 2017 च्या फेब्रुवारीत रस्त्याकडेला बसल्या, आणि वर्षानुवर्षं बसून राहिल्या.

जाफना विद्यापीठात रजनी तिराणगम नावाच्या शरीरशास्त्राच्या विभागप्रमुख होत्या. आपलं सैन्य, एलटीटीई, श्रीलंकेचं सैन्य, बाकीच्या संघटना, कुणालाही न सोडता कुणी काय केलं ते त्या आणि त्यांचे सहकारी नोंदवून ठेवत होते. 21 सप्टेंबर 1989 ला सायकलवरून घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या. एलटीटीईनेच हे केलं असं त्यांच्या जवळच्यांचं मत. त्याच गटातले मानसोपचारतज्ज्ञ दया सोमसुंदरम यांनी पुढे जे मांडलं ते माझ्या फार कामाला आलं: असं युद्ध एकेका माणसाला आजारी पाडून थांबत नाही, ते सगळ्या समाजालाच आजारी पाडतं. शेजारी शेजाऱ्यासमोर बोलत नाही. घरात मुलांसमोर बोलत नाहीत, कारण मूल बाहेर बोलेल. लोक दवाखान्यात येतात ते अंगदुखी आणि उसासे घेऊन. हे वाचताना मला आमच्या बाकावरचे फौजी दिसत होते. समुद्राच्या दोन्ही बाजूंना माणसं गॅसच्याच गोळ्या घेत होती.

चेन्नईत एका परिषदेत जाफनाचे एक डॉक्टर भेटले, 1987 ला ते शिकत होते. मी फौजेत होतो हे कळल्यावर थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, नल्लूरच्या छावणीत एका भारतीय जवानाने त्यांच्या लहान बहिणीला रोज आपल्यातली चपाती आणून दिली. आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या तुकडीने त्यांच्या मामाला नेलं, तो परत आला नाही. "श्रीलंकेच्या सैन्याकडून आम्हाला काही अपेक्षा नव्हती," ते म्हणाले, "तुमच्याकडून होती." मी त्यांना काही उत्तर दिलं नाही. जेवायला एका टेबलावर बसलो.

तर इथवरचं थोडक्यात: अण्णांचा त्रास खरा असू शकतो, तो जास्त करून भीतीचा नसून सलाचा दिसतो, आणि तो तिथल्या लोकांच्या दुःखाच्या आड येत नाही. इतक्या वर्षांनी का, याचं उत्तर बहुतेक वेळा साधं असतं. काम संपतं, पोरं मार्गी लागतात, जोडीदार जवान एकेक करून जायला लागतात आणि ट्रंकेवर ठेवायला वजन उरत नाही.

युद्ध चूक की बरोबर? माझं मत विचाराल तर ते धोरण फसलं, आणि वाईट फसलं. दोन्ही बाजूंना न पटलेल्या कराराची जबाबदारी बंदूक घेतलेल्या पोरावर टाकली गेली. धोरणाचा हिशेब दिल्लीने द्यावा. हाताने जे केलं त्याचा हिशेब ज्याचा त्याला, आणि रुग्णालयासारख्या ठिकाणी जे घडलं त्याला 'युद्धात असं होतंच' म्हणून मी तरी पांघरूण घालणार नाही. पण हे मत मी तुम्हाला देतोय, अण्णांना नाही. माझ्या दवाखान्यात युद्धाचा न्यायनिवाडा होत नाही. तुमच्या माजघरातही नको.

आता करायचं काय. 'तुम्ही कुणाला मारलं का' हा प्रश्न घरात पुन्हा कुणी विचारायचा नाही, आडूनसुद्धा नाही. 'विसरा आता' हेही नाही. आणि एक तिसरी चूक चांगल्या घरात हमखास होते: भरपाई म्हणून त्यांना वीर करायला जाऊ नका. आमच्याकडच्या एका शाळेत 15 ऑगस्टला मुख्याध्यापकांनी एका माजी सैनिकाची ओळख 'लंका गाजवून आलेले' अशी करून दिली. नारळ-शाल हातात घेऊन ते गृहस्थ व्यासपीठावरून उतरले, तडक घरी गेले आणि दोन दिवस दार उघडलं नाही. शाल त्यांनी शेजारच्या म्हातारीला देऊन टाकली.

विचारायचंच असेल तर माणसांबद्दल विचारा. तुमच्या सेक्शनमध्ये कोण कोण होतं, लंगरात काय मिळायचं, पत्रं किती दिवसांनी पोचायची. सुरुवात तिथून होते. पलटणीतलं कुणी हयात असेल तर त्यांची भेट घडवा. स्थापना दिनाला किंवा कुणाच्या घरच्या लग्नाला. फौजी फौजीजवळ जे बोलतो ते माझ्याजवळही बोलत नाही. लंकेबद्दल तुम्हाला वाचावंसं वाटतंय, जरूर वाचा, तिकडच्या तमिळांनी लिहिलेलं आधी वाचा. तुम्ही 'लाज वाटते' असं लिहिलंय. वाटू दे, पण ती अण्णांच्या ताटात वाढू नका.

उपचाराचं म्हणाल तर जवळच्या ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफर करून घ्या. 'मानसिक' शब्दाला बिचकत असतील तर 'झोपेसाठी दाखवू' म्हणा, ते खोटंही नाही. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, तेवढा धीर धरा. दुःस्वप्नांसाठी वेगळं औषध असतं, पण त्याने रक्तदाब उतरतो, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी आणू नका. कॅन्टीनचा दारूचा कोटा महिना संपण्याआधीच संपायला लागला असेल तर तेही लपवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, फोन घरच्यांनी केला तरी चालतो. सैनिकांसाठी त्यांचा वेगळा कक्ष पुण्याला एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात आहे.

एक गोष्ट थांबण्यासारखी नाही. अण्णांनी सिक्युरिटीच्या नोकरीसाठी डबल बोअर बंदूक घेतली होती का? असेल तर ती आणि काडतुसं आजच घराबाहेर, कायदेशीर रीतीने पोलीस ठाण्यात जमा करा किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवा. 'लायसन रिन्यू करायचंय' हे कारण पुरतं. मरणाची भाषा, वस्तू वाटून टाकणं, 'आता माझं काय काम' असं काही ऐकलंत तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

भावाबद्दल तुम्ही फार कडक लिहिलंय. पोराने वाईट वेळी विचारलं, पण विचारलं तरी. त्याला माफीचं भाषण करायला लावू नका, अण्णा पुन्हा उठून जातील. तुमच्याकडे शेतीपंपाची लाइट या आठवड्यात रात्रीची आहे असं लिहिलंयत, आणि उसाला पाणी द्यायला अण्णा एकटेच जातात. भावाला बॅटरी घेऊन बरोबर पाठवा. त्याने दारं मोडायची, खोऱ्याने पाणी वळवायचं आणि काही विचारायचं नाही. आठ-दहा रात्री गेल्यावर काय होतं ते मला कळवा.